चोर्ला घाटातल्या त्या दोघांना

गोव्यात गाडीचा हीटर लागतो कुणाला, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. गेल्या रविवारी चोर्ला घाटात पाऊस, धुकं, समोरची काच आतून पांढरीफटक, आणि हीटर लावला तर नुसती गार हवा. चहाच्या टपरीशी थांबलो. रेनकोट घातलेले एक काका आणि टेम्पोवाला तरुण, दोघे आपणहून आले.

काकांचा पहिला प्रश्न, "काटा कुठं आहे?" इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर होता, म्हणजे इंजिन नीट तापत होतं, इंजिनाचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटवर संशय नको. मग बॉनेट उघडून हीटरकडे जाणारे दोन पाइप चाचपले. एक चटका देणारा, दुसरा गारच. "गरम पाणी आत फिरतच नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, उतरलं असणार."

मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच तरुणाने मनगट धरलं. "पात्रांव, तोंड भाजून घ्यायचंय?" अर्धा तास थांबवलं, चहा पाजला (पैसेही त्यानेच दिले). खरंच, कूलंट तळाला गेलेलं. एका पाइपची क्लिप सैल. ती आवळली, तात्पुरतं पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून अडकलेली हवा काढली. काच निवळली.

साखळीला पोचल्यावर लक्षात आलं, नावंही विचारली नाहीत. काका, भाऊ, देव बरें करूं! चहाचे पैसे माझ्याकडे बाकी आहेत.