काटा चढला म्हणून थर्मोस्टॅट काढू नका

महोदय,

मार्च लागला की गगनबावड्याच्या नाहीतर आंबा घाटाच्या चढाला बॉनेट वर करून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसू लागतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं पहिल्या गिअरात रांगणाऱ्या गाड्यांचीही तीच गत. गाडी 'हीट मारते' म्हणून गॅरेजात नेली की अनेक ठिकाणी दोन औषधं ठरलेली असतात : थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे सेन्सर वगळून साध्या स्विचवर चालवायचा. तापमानाचा काटा खाली येतो, मालकाचा जीव भांड्यात पडतो. बिघाड मात्र शोधलेला नसतो, नुसता झाकलेला असतो. तो कसा शोधायचा, हे गाडीमालकांनाही ठाऊक असावं म्हणून हे पत्र.

आधी ठरवायचं ते एवढंच, की इंजिन खरंच तापलंय की काटा खोटं सांगतोय. इंजिनात चार-सहा लिटर कूलंट आणि शंभराहून जास्त किलो धातू असतो. एवढा ऐवज एका सेकंदात वीस अंशांनी तापत नाही आणि निवतही नाही. त्यामुळं काटा टुणकन वर उडून लगेच खाली येत असेल तर तो बहुधा वायरिंगचा दोष असतो; लूज कनेक्टर, उंदरानं कुरतडलेली वायर किंवा खराब अर्थिंग. हेडलाइट, ब्लोअर लावल्यावर काटा सरकत असेल तर अर्थिंगच धरा. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावावं. रीडिंग ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं. ०.३ - ०.४ दिसलं तर अर्थची पट्टी सोडवून, दोन्ही टोकं घासून पुन्हा आवळा. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम चुकू लागले तर सेन्सरला हात लावू नये. मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा मीटरचा अर्थ बघावा.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांसाठी सगळ्यात सोपी परीक्षा सकाळी करायची. गाडी रात्रभर उभी असावी. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) जोडून, नुसतं इग्निशन चालू करून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघावं. दोन्ही जवळपास सारखे, दोन-चार अंशांच्या फरकात हवेत. हवा २२ आणि थंड इंजिनचं कूलंट ४५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर गेलाय. उणे ४० दिसलं तर वायर तुटलीय किंवा सॉकेट निघालंय. इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या घरावर (हाउसिंगवर) काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो नेहमी कमी दाखवतो, म्हणून पट्टी. स्कॅनर आणि थर्मामीटर थोड्याफार फरकानं जुळले आणि मीटरचा काटाच वेगळं सांगत असेल, तर दोष मीटरमध्ये.

नव्या गाड्यांचा काटा मुद्दामच 'सुस्त' केलेला असतो. साधारण ७५-८० पासून १०५ अंशांपर्यंत तो मधेच बसून राहतो, म्हणजे चालकाला उगाच धास्ती नको. याचा अर्थ असा, की काटा मध्यावरून हलला तेव्हा उशीर झालेलाच असतो. याहून घातक गोष्ट म्हणजे कूलंट गळून गेलं की सेन्सरचं टोक कोरडं पडतं आणि इंजिन भाजत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. चढलेला काटा आपोआप उतरला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर हायसं वाटून घेऊ नका. गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा.

सेन्सर तपासायला स्वयंपाकघरातलं पातेलं पुरतं. इंजिन थंड असताना सेन्सर काढावा (कपभर कूलंट सांडेल, खाली भांडं ठेवा) आणि त्याचं टोक पाण्यात धरून मल्टिमीटर ओहमवर लावावा. गाडीगणिक आकडे बदलतात, पण दोन पिनांच्या बऱ्याच सेन्सरना २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम येतात. पाणी तापेल तसा आकडा सलग उतरत गेला पाहिजे; मधेच उडी मारली तर सेन्सर बाद. त्याच पातेल्यात थर्मोस्टॅटही सोडून बघा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागतो. आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं, तोवर तो बऱ्यापैकी उघडलेला दिसायला हवा. जुन्या, एका वायरच्या सेन्सरला बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. त्याचा अर्थ आट्यांतूनच जातो. टेपनं तो तुटला की काटा जागचा हलत नाही आणि नवा सेन्सर 'डुप्लिकेट' ठरतो!

आता फॅन. सिग्नलला किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत काटा चढतो आणि गाडी पळती झाली की उतरतो, असं असेल तर दोष फॅनच्या बाजूचा. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, तेव्हा फॅनचं फारसं काम नसतं. उलट हायवेला किंवा घाटाच्या चढाला तापत असेल तर फॅनच्या मागं लागून उपयोग नाही. रेडिएटर चोक, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, कमी कूलंट यांतलं काहीतरी असतं.

फॅन लागत नसेल तर आधी एसी चालू करा. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की फॅनही लागतो. दोन फॅनच्या गाडीत नेमका कुठला फिरतो ते बघा, कारण काहींत एसीचा फॅन वेगळा असतो. एसीवर फिरणारा फॅन तापमानावर फिरत नसेल तर मोटार चांगली आहे, संशय सेन्सरवर. दुसरी परीक्षा : इंजिन चालू ठेवून तापमान सेन्सरचं सॉकेट काढावं. अनेक गाड्यांत ईसीयू (इंजिनचा संगणक) खबरदारी म्हणून फॅन पूर्ण वेगानं लावतो. लागला तर फ्यूज, रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच), मोटार आणि वायरिंग ठीक. चेक लाइट लागेल, नंतर स्कॅनरनं कोड पुसावा. रेडिएटरमध्ये थर्मोस्विच (तापमानावर चालणारा स्विच) असलेल्या जुन्या गाडीत त्याच्या दोन वायरी जोडून बघा. फॅन फिरला तर बहुधा स्विच गेलाय, किंवा कूलंट कमी असल्यानं स्विचपर्यंत गरम पाणी पोचत नाही. हे करताना हात, ओढणी, मफलर पात्यांपासून लांब ठेवा. इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो.

तरीही फिरला नाही तर फ्यूज. फॅनचा फ्यूज बहुतेक ३० अँपिअरच्या आसपासचा असतो. तो वरून साबूत दिसतो आणि आत केसाएवढी चीर असते, म्हणून दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून बघावं. फ्यूजचं सॉकेट तपकिरी, वितळलेलं दिसलं तर नुसता फ्यूज बदलून भागणार नाही, पकडच ढिली झालीय. फ्यूज वारंवार उडत असेल तर बहुधा मोटारीचं बेअरिंग जाम होऊन ती जादा करंट ओढतेय. तिथं ४० चा फ्यूज ठोकणं म्हणजे आगीला आमंत्रण. मग रिले : त्याच नंबरचा हॉर्नचा रिले अदलाबदल करून बघणं सगळ्यात सोपं. रिले काढून सॉकेटमध्ये ३० नंबरच्या खाचेत बारा व्होल्ट आहेत का बघा, आणि फ्यूज लावलेल्या जाड वायरनं ३० आणि ८७ (फॅनकडं जाणारी) या खाचा जोडा. फॅन फिरला तर मोटार आणि तिकडची वायर ठीक, दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. नाही फिरला तर मोटारीला बॅटरीवरून थेट सप्लाय द्या. हलकंसं ठोकल्यावर फिरायला लागणारी मोटार म्हणजे कार्बन ब्रश झिजलेत; ती आज चालेल, उद्या घाटात बंद पडेल. दोन वेगांच्या फॅनमध्ये मंद वेगाचा रेझिस्टर जळला तर फॅन फक्त जोरात आणि उशिरा लागतो. हा दोष पुष्कळदा सुटून जातो.

मोटार बदलल्यावर एक चूक हमखास होते. दोन वायरी उलट लागतात आणि फॅन उलटा फिरतो. आवाज तोच, वारा पुढच्या दिशेनं! गाडी उभी असताना जेमतेम चालतं आणि पळायला लागली की समोरचा वारा आणि फॅनचा वारा एकमेकांना भिडतात. फॅन रेडिएटरच्या मागं असेल तर जाळीपुढं कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गाड्या पंचगंगेच्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या फॅनच्या सॉकेटमध्ये आजही हिरवट थर सापडू शकतो. जुनी गाडी घेताना हे सॉकेट उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

कूलंट बदलल्यानंतर काटा वरखाली डोलत असेल तर आत हवा अडकलीय. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर सैल करा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरा. बुडबुडे थांबतच नसतील आणि सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर हेड गॅस्केट गेल्याचा विचार करावा. बोअरचं पाणी कधीही भरू नये. क्षारांचा थर बसून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. तयार कूलंट, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते झाकणच सुमारे एक बार दाब धरून उकळणं लांबवतं, हे फारसं कोणी ध्यानात घेत नाही. रबर फाटलेलं झाकण बदलायला फार पैसे लागत नाहीत.

आता त्या दोन औषधांकडे येतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, ईसीयू ते थंड समजून जादा इंधन सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतो, म्हणजे चढाला गाडी आधीपेक्षा जास्त तापते. फॅन डायरेक्ट करताना बारीक वायर आणि डॅशबोर्डवरचा साधा स्विच वापरतात. मोटार दहा-वीस अँपिअर ओढते, वायर गरम होते. करायचंच असेल तर रिले, स्वतंत्र फ्यूज आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी, तीही घरी पोचेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून.

गॅरेजवाल्या मित्रांना एवढीच विनंती, की थर्मोस्टॅट काढलाच तर बिलावर तसं लिहा आणि काढलेला भाग मालकाच्या हातात द्या. नाहीतर पुढच्या कारागिराच्या स्कॅनरवर पी-०१२८ कोड (इंजिन पुरेसं तापत नाही) येतो, आणि तो कारागीर मालकाला सांगतो, थर्मोस्टॅट बदलावा लागेल.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर