आरसा परत करायचा राहिलाय

काकी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला फोनवर वाचून दाखवील. त्याला सांगा, भराभर वाचू नकोस. गावाचं नाव यात कुठेही घातलेलं नाही. "नाव छापलंस तर रविवारी गाड्या येतील आणि चिकू तोडून नेतील," असं तुम्ही म्हणाला होतात, ते लक्षात आहे. अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधलं एक गाव, एवढंच लिहिते.

पत्र असं चारचौघांत लिहायचं कारण म्हणजे लोक मला हल्ली विचारतात, "तुमच्या कामाला हे वळण कसं लागलं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर तुमच्या ओसरीवर आहे आणि ते मी सहा वर्षांत नीट कबूल केलेलं नाही.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आमचं शाअर हशामाईम सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनेची जागा, १८७९ सालचं, आजोबांचा हात धरून मी तिथे जायची. पुढे कॉम्प्युटरवर चित्रं, अ‍ॅनिमेशन, जाहिरातींची कामं सुरू झाली, आणि तिशीत डोक्यात आलं की आपल्या माणसांवर काहीतरी करावं. ज्यू माणसाची आठवण म्हणजे काय, हे मी शिकले होते ते युरोपकडून. बर्लिनच्या फुटपाथवर घरांसमोर बसवलेले दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन, त्यावर नाझींनी नेलेल्या माणसांची नावं. रेल्वेचे रूळ, सुटकेसा, मेणबत्त्या. ते दुःख खरंच आहे आणि फार मोठं आहे, त्याबद्दल माझ्या मनात दुसरं काही नाही. पण माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी तेच सगळं उसनं आणून मांडलं. पडद्यावर मेणबत्ती जळत होती आणि मागे आगगाडीचा आवाज. लोकांनी कौतुकही केलं.

आमच्या घरातून मात्र कुणाला आगगाडीत कोंडून नेलेलं नव्हतं. आमच्यात सांगतात ती गोष्ट वेगळी: नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, पोथ्या समुद्रात गेल्या, डोक्यात राहिली ती फक्त 'शेमा'ची प्रार्थना. मग पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावानं शनवार तेली म्हटलं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ही 'कला' होऊ शकते असं वाटलं नव्हतं, आजीची गोष्ट होती ती. मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या सिओना बेंजामिन या चित्रकार बाईंनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इथे येऊन बेने इस्राएल माणसांचे चेहरे टिपले होते. त्यांचं काम पाहून धीर आला होता. पण कुठे बघायचं, ते कळलं नव्हतं.

तुमच्याकडे मी आले ती तुमच्या गावातल्या आमच्या लोकांच्या कबरस्तानाची किल्ली मागायला. मेच्या अखेरचे दिवस, घामाच्या धारा. किल्ली खुंटीवर होती. ती तुमच्याकडे कशी, असं विचारलं तर म्हणालात, "त्यांनी जाताना आईकडं दिली. परत मागायला आलं नाय कोण." मग पाणी दिलंत, कोकम दिलंत, आणि मी काय करते ते विचारलंत. मी फोनवर प्रदर्शनाचा व्हिडिओ लावला. तुम्ही शेवटपर्यंत बघितलात.

"हे कोणाचं?"

"आमचं, काकी. आमच्या लोकांचं."

"तुमच्यात मेणबत्ती कुठं होती? शुक्रवारी संध्याकाळी ग्लासात पाणी, वर खोबरेल तेल, त्याच्यात वात. मी स्वतः बघितलाय."

काकी, त्या प्रदर्शनासाठी मी चौदा महिने घालवले होते. तुम्ही ते एका ग्लासात बुडवलंत. त्या वेळी मला राग आला होता, हे आज सांगून टाकते. ठाण्याच्या सिनेगॉगमध्येही तसेच काचेचे दिवे टांगलेले होते, लहानपणी त्यांच्याकडे बघत मी तासन्‌तास काढलेत, आणि तरी मी मेणबत्ती काढली!

मग कबरस्तानात गेलो. तुम्ही छत्री घेतलीत, मी ट्रायपॉड. दगडांवर शेवाळाचे काळे थर, अक्षरं पार झिजलेली. मी खडू घासायला काढला तर तुम्ही हात धरलात: "दगडाचा पापुद्रा निघेल, पोरी." घरी जाऊन तुम्ही आरसा आणलात. लाकडी चौकटीचा, एक कोपरा तडकलेला, वर तुमची लाल टिकली चिकटलेली. दगड आंब्याच्या सावलीत होता. तुम्ही उन्हात उभं राहून आरशानं कवडसा पाडलात, समोरून नव्हे, बाजूनं, दगडाला घासून जाईल असा. आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरं वर आली. आधी हिब्रूची ओळ, मग मराठीची. आरसा जरा हलला की परत गायब.

"लहानपणी आम्ही असंच वाचायचो," म्हणालात. "अक्षर येत नव्हतं तरी बघायचो."

हिब्रू मी वाचली. साल अक्षरांत होतं: ताव, रेश, पे, दालेत. चारशे, दोनशे, ऐंशी आणि चार. हजार बहुधा लिहीत नाहीत, ते धरून घ्यायचे, म्हणजे ५६८४. इंग्रजी हिशेबानं १९२३-२४. मी मोठ्या ऐटीत तुम्हाला हे समजावलं. मग मराठी ओळीत अडकले. बाईच्या नावापुढे 'कोम' असं होतं आणि मला वाटलं ते आडनावाचा तुकडा असावा, किंवा एखादं हिब्रू नाव. तुम्ही हसलात. "कोम म्हणजे बायको. अमकी कोम तमका. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर माझ्या आजीचं नाव तसंच आहे." आणि खरोखर, पुढच्या दगडावर 'बिन' होतं, म्हणजे मुलगा. एकाच दगडावर हिब्रू साल आणि तलाठ्याच्या दप्तरातली मराठी. माझ्या सॉफ्टवेअरला हे आजही झेपत नाही; एक लिपी उजवीकडून चालते, एक डावीकडून, आणि दोघी एका ओळीत आल्या की आकडे उड्या मारतात. दगड कोरणाऱ्याला मात्र काही अडचण आलेली दिसत नाही.

त्या दुपारी माझं काम बदललं. नावंसुद्धा नव्यानं ऐकू यायला लागली. सॅम्युएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, डेव्हिडचा दाऊदजी. मुंबईतलं आमचं सर्वांत जुनं सिनेगॉग, शाअर हारहमीम, १७९६ साली बांधणारे गृहस्थ होते सामाजी हसाजी दिवेकर, आणि लोक त्या वास्तूला जुनी मशीद म्हणत. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. आडनावं म्हणजे अख्खा किनारा. हे मी शाळेपासून ऐकत आले होते, पण त्यात काही बघण्यासारखं आहे हे मला तुमच्या आरशामुळे कळलं.

मधला एक गोंधळ तुम्हाला ठाऊक आहे, वाचकांना नाही. पहिल्या खेपेचे जवळजवळ सगळे फोटो मी घालवले. कार्ड मोकळं करताना चुकीचं कार्ड उचललं, आणि ठाण्यातल्या एका दुकानानं 'सगळं परत आणतो' म्हणून पैसे घेतले आणि निम्म्या फाइलींमध्ये करड्या पट्ट्या दिल्या. रडवेल्या आवाजात फोन केला तर तुम्ही म्हणालात, "दगड कुठं पळतायत? परत ये." परत आले. दगड पळाले नव्हते. फक्त एक, कुंपणाकडेचा, पावसात मुळानं उचलून दोन तुकडे होऊन पडला होता. त्याचा फोटो घालवलेल्यांत होता. त्याची हिब्रू ओळ आता कुणीच वाचू शकणार नाही, आणि ती चूक माझी आहे.

दुसऱ्या खेपेला मी तुमच्या आरशाची पद्धत यंत्रावर केली. कॅमेरा एका जागी घट्ट, दगडही अर्थातच जागेवर, आणि अंधारात बॅटरी फिरवत फिरवत एकेक फोटो, अठ्ठेचाळीस कोनांतून. प्रत्येक वेळी बॅटरीचं अंतर सारखं हवं म्हणून तुम्ही सुतळी मोजून दिलीत. फोटोच्या कडेला एक चकचकीत काळा गोळा ठेवावा लागतो. त्यावर उजेडाचा ठिपका कुठे पडला त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो की बॅटरी कुठे होती, आणि मग दगडाच्या कणाकणाचा उतार मोजतो. माझा गोळा ठाण्यात राहिला होता. तुमच्या नातवानं खिशातून काळी गोटी काढून दिली. डास एवढे की तो बॅटरी धरून नाचत होता. तुम्ही मागे खुर्ची टाकून बसला होतात आणि मधेच बोललात, "दारफळणीच्या सणाला यांची दारं बंद असायची. आम्ही पोरं हाका मारायचो, कोण ओ द्यायचं नाय."

दारफळणीचा सण. माझ्या तोंडी कायम योम किप्पुर, आमचा उपासाचा दिवस. नव्याचा सण, खिरीचा सण ही नावं मी फक्त वाचलेली होती. बोलताना ऐकली ती पहिल्यांदा तुमच्याकडून, एका आगरी बाईकडून. तुम्ही मलिदाही सांगितलात: भिजवलेले पोहे, साखर, ओला नारळ कालवलेला, वेलची, वर फळं, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावानं. "खोबरं वरून भुरभुरवत नाय, कालवतात." आमच्या घरी वरून भुरभुरवतात. आईला हे सांगितलं तर ती चिडली. त्या वादात मी पडणार नाही.

आणि घाणा. तुमच्या परसात म्हैस ज्या दगडी डोणीतून पाणी पिते तो शनवार तेल्यांच्या घाण्याचा दगड आहे, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मी आधी ऐकलंच नाही. त्याचे मी चहूबाजूंनी तीनशे बारा फोटो घेतले आणि कॉम्प्युटरवर तो दगड जसाच्या तसा उभा केला. आतल्या बाजूला लाटेनं, म्हणजे घाण्यात फिरणाऱ्या लाकडानं, पडलेल्या गोल चकचकीत रेघा आहेत, बोटानं लागतात. तुम्हाला पडद्यावर दाखवलं तेव्हा तुमचा पहिला प्रश्न, "म्हशीला पण नेलंस का?" म्हशीचं नाक सतरा फोटोंत आहे, काकी. काढलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुंबईत जे मांडलं ते यातूनच आलं. नऊवारीच्या जुन्या लांब कापडावर प्रक्षेपकातून दगड उमटतो, सपाट, कोरा. बघणाऱ्याच्या हातात एक लहान आरसा. त्यात बसवलेलं यंत्र आरशाचा कोन ओळखतं, आणि तो जसा फिरवाल तसा पडद्यावरचा उजेड फिरतो. नीट तिरपा धरला तर 'कोम' दिसतं. घाई केली तर काहीच दिसत नाही. बरेच जण घाई करतात. एक बाई पाऊण तास उभ्या होत्या.

इस्राएलमधल्या दिमोनाच्या माझ्या मावशीनं व्हिडिओ कॉलवर बघितलं. तिच्या पिढीतले बहुतेक तिकडे गेले; १९४८ च्या सुमारास आम्ही भारतात वीस हजारांच्या आसपास होतो, आज चार-पाच हजार. लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे आता मराठी बोलणारे म्हातारे आहेत आणि मराठी कळणारी, पण हिब्रूत उत्तर देणारी नातवंडं. मावशी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, घाण्याचा आवाज का नाही घातलास? आवाज कुणाकडेच नाही, मावशी. काकींनासुद्धा आठवत नाही, घाणा त्यांच्या आधीच थांबला होता. म्हणून तिथे मी काहीच घातलेलं नाही. आगगाडीचा आवाज घालून मी एकदा शहाणी झाले आहे.

आता तुमचं काम. दर खेपेला तुम्ही विचारता, "ती सापडली का?" तुम्ही अकरा वर्षांच्या होतात तेव्हा शेजारची जी मैत्रीण बोटीवर चढली, तुमची अर्धी रिबीन घेऊन. काकी, अजून नाही. मावशीनं तिच्या ओळखीत विचारलं आहे, 'मायबोली' म्हणून तिकडे मराठी त्रैमासिक निघतं त्यांनाही लिहिलं आहे. लग्नानंतरचं आडनाव माहीत नाही आणि तिकडे पुष्कळांनी आडनावं बदलली. मी शोधणं सोडलेलं नाही. तुम्ही किल्ली साठ वर्षं सांभाळलीत, मला सहाच झाली आहेत.

अजून एक सांगायचं राहिलं. आरशानं घेतलेल्या पहिल्या फोटोंपैकी जे चार वाचले, त्या प्रत्येकात अक्षरांवर एक धूसर, लांबट ठिपका आहे. आमच्या तंत्रज्ञाला वाटलं लेन्सवर डाग आहे, तो पुसून टाकायला निघाला होता. ती तुमची टिकली आहे. मी त्याला हात लावू दिला नाही. प्रदर्शनातल्या आरशाचा उजेडही तो ठिपका घेऊनच फिरतो, आणि लोक विचारतात, हे हिब्रूतलं कुठलं अक्षर?

आरसा माझ्याकडेच आहे, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून. दिवाळी झाली की घेऊन येते. गोटी मात्र सापडत नाहीये. नातवाला इतक्यात सांगू नका. म्हणजे, हे वाचताना त्याला आता कळलंच असेल.

तुमची,
ठाण्याची पोर