साखरप्याच्या वायरमन काकांना, गाडीचा आवाज परत दिल्याबद्दल

काका नमस्कार,

जूनमधी भर पावसात आंबा घाट चढायच्या आधी तुमच्या शेडसमोर पांढरी सात सीटर लावलेला कोल्हापूरचा ड्रायव्हर, तो मीच. हे पत्र तुमच्या नातवानं तुम्हाला वाचून दाखवावं, कारण त्या दिवशी तीन तास टॉर्च धरून तोच उभा होता आणि त्याचेही आभार मानायचेत. घाई घाईत निघालो, अंधार पडायच्या आत घाट पार करायचा होता, त्यामुळं नीट बोलणंच झालं नाही. ते आता करतो.

माझा धंदा भाड्याचा. कोल्हापूर ते गणपतीपुळे, रत्नागिरी, कधी पावस. जाताना गाडी भरलेली आणि येताना बऱ्याचदा रिकामी, रात्री एकटाच. त्या वेळी गाणी चालू असणं ही माझ्यासाठी हौस नाही काका, झोप येऊ नये म्हणून ती लागतात. म्हणून दिवाळीत पैसे साठवून टचस्क्रीन, चार चॅनलचा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा डबा) आणि चार दरवाजांना चार स्पीकर बसवून घेतले, आणि पहिल्या दिवसापासून ऊंऽऽऽ असा आवाज सुरू. अ‍ॅक्सिलेटर दाबला की वर चढायचा, सोडला की खाली यायचा, डोक्यात मुंगी शिरल्यासारखं व्हायचं. पॅसेंजर म्हणायचे दादा ते बंद करा. वरून घाटात खड्डा किंवा वळण आलं की आवाज फट्‌कन जायचा, अ‍ॅम्पवर लाल लाईट लागायची, आणि कधी दोन मिनिटांनी तर कधी मलकापूर आल्यावर परत यायचा.

जिथं सिस्टीम बसवली तिथं सहा महिन्यात पाच वेळा गेलो. आधी म्हणाले फिल्टर लावा. तो लावला तर आवाज अर्धा कमी झाला पण ढोलकीचा ठेकाच गेला, सगळं गाणं डब्यातून आल्यासारखं. मग म्हणाले स्पीकर खराब, म्हणून पुढचे दोन बदलले. शेवटी म्हणाले तुमचा अल्टरनेटरच, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तोच, खराब आहे, नवीन टाका. तो टाकायचा म्हणून मी पैशाची जुळवाजुळव करत होतो, आणि त्याच आठवड्यात तुम्ही भेटलात.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे की तुम्ही पहिली पंधरा मिनिटं पान्ह्याला हातच लावला नाही, नुसतं विचारत होता. सेल्फ न मारता नुसती चावी ऑन केली तर आवाज येतो का? नाही. इंजिन चालू केल्यावर? येतो. व्हॉल्यूम शून्यावर केला तर जातो का? नाही, तेवढाच राहतो. यावर तुम्ही म्हणालात, "मग गाण्यात नाही तो, व्हॉल्यूमच्या पुढं कुठंतरी शिरतोय." सहा महिन्यात हे मला कोणी विचारलं नव्हतं काका. मग आधी तो फिल्टर काढून बाजूला ठेवला आणि स्क्रीनकडून अ‍ॅम्पला गाणं नेणाऱ्या आरसीए वायरीच्या पिना उपसल्या, आवाज एकदम बंद. म्हणजे अ‍ॅम्प चांगला. मग माझ्या जुन्या मोबाईलला हेडफोनचं भोक आहे म्हणून त्यातून वायर काढून सरळ अ‍ॅम्पला जोडली, इंजिन चालू, गाणं स्वच्छ. एवढ्यावर थांबला नाहीत, तोच मोबाईल गाडीच्या चार्जरला लावायला सांगितलात आणि लावल्या लावल्या ऊंऽऽऽ परत! माझ्या अंगावर काटा आला खरं सांगतो. मोबाईल बॅटरीवर असताना त्याला गाडीचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी वाट) जोडलेला नव्हता, चार्जर लावला की दुसऱ्या वाटेनं अर्थ मिळाला आणि गोल पूर्ण झाला, हे तुम्ही बोटानं बोनेटवरच्या पाण्यात रेघ मारून दाखवलंत.

मग मीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. या एका आकड्यानं तुम्ही माझे किती हजार वाचवले ते मला माहीत आहे. त्यानंतर एक लांब वायर बॅटरीच्या मायनसपासून मागं नेली, गाणं मोठ्यानं लावलं आणि अ‍ॅम्पच्या मायनसवर बघितलं तर ०.६ व्होल्ट. तिथं शून्याच्या जवळ पाहिजे. सीट उचलली तर अ‍ॅम्पची काळी वायर रंगाच्या वरच सीटच्या बोल्टखाली दाबलेली, आणि डॅश उघडला तर स्क्रीनचा अर्थ सिगारेट लायटरच्या वायरला नुसता पिळून टेप मारलेला. दोन वस्तूंचे दोन अर्थ, दोघांची पातळी वेगळी, आणि मधला फरक आरसीए वायरीवरच्या तारेच्या जाळीतून पळतोय. अल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो, डायोड त्याचा डीसी करतात पण थोडी लहर शिल्लक राहतेच, इंजिन जोरात फिरलं की ती लहर जलद होते म्हणून आवाज वर चढतो, हे मला आता पाठ झालंय आणि स्टँडवरच्या चार ड्रायव्हरांना मी सांगितलंय पण.

रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत तुमचा पॉलिश पेपर थांबला नाही. जाड वायर, तिच्या टोकाला दाबून बसवलेला लग, दातेरी वॉशर, आणि वरून गंज येऊ नये म्हणून ग्रीस. स्क्रीनचा अर्थ पण सरळ पत्र्यावर घेतला. आरसीए आणि अ‍ॅम्पची पॉवर वायर एकाच बाजूनं एकमेकीला चिकटून आणली होती, त्यातली आरसीए काढून दुसऱ्या बाजूच्या पायरीखालून नेलीत. परत मीटर लावला तर ०.०४. इंजिन चालू करून रेस दिली आणि काहीच ऐकू आलं नाही, फक्त शेडच्या पत्र्यावरचा पाऊस.

मी तेवढ्यावर निघालो असतो, पण तुम्ही म्हणालात लाल लाईटचं राहिलंय. चारही स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून सोडवल्या, मीटर बीपवर ठेवून एक टोक बॉडीला आणि दुसरं एकेका वायरीला. तीन दरवाजे गप्प. डावा पुढचा दरवाजा उघडझाक केल्यावर बीप, परत बीप. बिजागरीजवळच्या रबराच्या नळीत वायरीचं वरचं प्लास्टिक घासून तांबं उघडं पडलं होतं, दरवाजा हलला की पत्र्याला लागायचं आणि अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. घाटातच का जायचा याचं उत्तर एवढुश्या जागेत होतं. काढून ठेवलेले जुने स्पीकर पण डिकीतून आणायला लावलेत, दीड व्होल्टचा सेल टेकवला की दोन्ही खर्र करून वाजले, मीटरवर ३.६ ओहम. दोन्ही चांगले. मला त्या क्षणी खूप राग आला होता, कुणावर ते सोडा. तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "त्यांनी शोधलं नाही बाळा, नुसतं बदललं." एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला तुमचा, तिथं नवीन पार्ट येईपर्यंत गाडी उभी ठेवून चालत नाही म्हणून शोधायची सवय लागली, असं तुम्ही बोलता बोलता सांगितलंत.

फ्यूजचं राहिलंच की. बॅटरीपाशी फ्यूज होल्डर हाताला गरम लागला म्हणून उघडला तर आतलं प्लास्टिक वितळायला लागलं होतं, आणि पॉवरची वायर ब्लेडनं खरवडली तर वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरी अ‍ॅल्युमिनियम. ती पण बदललीत, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच ठेवलात. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती गाण्याबिण्याचं काही बोलली नाही, एवढंच म्हणाली की पेट घेतली असती तर? माझ्यासकट सात माणसं बसतात काका. त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही.

वायर, होल्डर, लग धरून साडेआठशे आणि मजुरी म्हणून दोनशे. मी मजुरीचे पाचशे पुढं केले तर तुम्ही हात मागं घेतलात, चहाचे पैसे पण तुमच्याच नातवानं दिले. पैशाची परतफेड मला करता येईल कधीतरी, पण तीन तास एका अनोळखी ड्रायव्हरला शेजारी उभं करून प्रत्येक गोष्ट का करतोय ते समजावून सांगणं, याची परतफेड कशी करू ते मला अजून सुचलेलं नाही. मागच्या महिन्यात मलकापूरच्या एका दोस्ताच्या गाडीत तसाच आवाज होता. मी तुमचेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले, त्याचा पण अ‍ॅम्पचा अर्थ रंगावरच निघाला, अर्ध्या तासात गाडी शांत. त्यानं मला धन्यवाद म्हणलं, मी त्याला तुमच्या शेडचा पत्ता दिला.

गाडी तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही, म्हणजे आवाज हो. भर श्रावणात घाटात धुकं असताना, काचेवर पाणी आदळत असताना गाणं एकसारखं चालू होतं, आणि साखरपा ओलांडताना मी हॉर्न वाजवला, तुमची शेड बंद होती.

तुमचा पिवळ्या मुठीचा टेस्टर मधल्या सीटखाली सापडलाय. येत्या रविवारी रत्नागिरीचं भाडं आहे, परतताना चारच्या सुमाराला शेडवर आणून देतो. नातवाला थांबायला सांगा, त्याच्यासाठी एक साधा मीटर घेतलाय.

तुमचा,
पांढऱ्या सात सीटरचा ड्रायव्हर, कोल्हापूर