बारावीचे मार्क काय फक्त दारात दाखवायला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, म्हणजे सीईटीचं, पर्सेंटाईल (आपल्या मागे किती टक्के मुलं राहिली तो आकडा) हीच खरी गुणवत्ता आणि बारावीचे मार्क म्हणजे नुसता फुगवलेला आकडा, असं काल तुमच्या पेपरात छापून आलं. रात्री दोनदा वाचला तो लेख. मी तालुक्याच्या गावात ज्युनिअर कॉलेजला एकोणीस वर्षं केमिस्ट्री शिकवतो आणि माझी मुलगी २०२५ ला या सगळ्यातनं गेलीय, त्यामुळे गप्प बसवेना.

मुलगी सीईटीला २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या शिफ्टला होती. हो, तीच शिफ्ट, मॅथ्सच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे ऑप्शन चुकलेले ती. तुमच्या लेखात त्याचा 'किरकोळ तांत्रिक गोंधळ' असा उल्लेख आहे. पोरगी गणित सोडवते, उत्तर चारपैकी कशातच बसत नाही, परत सोडवते, परत तेच उत्तर येतं आणि घड्याळ पळतंय. बाहेर आली तेव्हा तिला वाटत होतं की आपल्यालाच काही येत नाही. कोल्हापूरहून घरी येईपर्यंत एसटीत एक शब्द बोलली नाही, खिडकीकडे तोंड करून नुसती बोटानं मांडीवर गणितं करत होती. मी शेजारी बसून बघत होतो. नंतर कळलं की पेपरच चुकीचा होता आणि सत्तावीस हजारांवर मुलांनी ५ मे ला परत बसायचं. ओळखीचे लोक म्हणाले, बरं झालं की सर, आठ दिवस जादा मिळाले अभ्यासाला. जादा कसले हो, पहिले चार दिवस ती पुस्तकाला हात लावत नव्हती, जेवायला बसली तर ताटात बोटं फिरवत बसायची.

आणि ५ मे ला काय होतं तर बारावीचा निकाल. एकाच दिवशी. कुणाला कॅलेंडर बघावंसं वाटलं नाही? आम्ही ठरवलं होतं की निकाल संध्याकाळी घरी आल्यावरच तिला दाखवायचा, फोन तिच्या आईकडे ठेवला. हातपाय धुऊन आली, मग दाखवला. केमिस्ट्री ९६, मॅथ्स ९१, फिजिक्स ८८. दुसऱ्या कुठल्या वर्षी मी गल्लीत पेढे वाटले असते. तिने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "पप्पा, याचा आता काय उपयोग?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण नियमच तसा आहे. इंजिनिअरिंगला बारावीच्या पीसीएमला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून, ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के पडले की झालं, ४६ वाला आणि ९६ वाला तिथनं पुढे सारखेच. मग सगळं पर्सेंटाईलवर, तेही दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत. दोघांचं पर्सेंटाईल तंतोतंत सारखं पडलं, विषयवार पर्सेंटाईल पण सारखंच निघालं, तर मग कुठे बारावीचे मार्क उघडून बघतात. दोन वर्षांच्या अभ्यासाची एवढीच किंमत.

माझ्या मुलीला केमिकल इंजिनिअरिंगच करायचं होतं, नववीपासून. आता सीईटीत मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे १००, आणि फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०. दोनशेत केमिस्ट्री फक्त पाव. केमिकलच्या सीटला पण पावच आणि कॉम्प्युटरच्या सीटला पण पावच. पर्सेंटाईल सारखं पडलं तरी आधी मॅथ्स बघणार, मग फिजिक्स, केमिस्ट्री सगळ्यात शेवटी. मॅथ्स लागतं, केमिकलला तर भरपूर लागतं, ते मला कुणी सांगायला नको. पण ज्या पोरीचा मॅथ्सचा पेपर एकदा चुकीचा आला आणि दुसऱ्यांदा ती खचून बसली तिचं सगळं त्या शंभर मार्कांनी ठरलं, आणि प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक ॲसिड साठ-सत्तर डिग्रीला गरम करून परमँगनेटचा एकेक थेंब सोडत तो फिकट गुलाबी रंग ती वर्गात सगळ्यात अचूक धरायची, ते कुठेच मोजलं गेलं नाही. हवं ते सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. आता प्रायव्हेटला घातलंय, फी मी भरतोय, तक्रार फीची नाही.

प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजवाले खिरापतीसारखे वाटतात हे लेखातलं म्हणणं खरं आहे, मी नाकारत नाही. तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस आमच्याकडेही सर्रास पडतात आणि मी स्वतः टाकलेत, याची मला लाज वाटते. पण मग ते सुधारा ना. बाहेरचा परीक्षक खरोखर बाहेरचा पाठवा, थिअरीचे ७० च धरा हवं तर. अख्खी बारावीच कचऱ्यात कशाला टाकायची? २०१४ आणि २०१५ ला आपल्याच राज्यात जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचे ५० टक्के आणि बारावीचे ५० टक्के धरून मेरिट लागत होतं. एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना सुद्धा २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वेटेज होतं. ते काय वेडे होते? मी तेव्हाही शिकवत होतो. वर्गात पोरं असायची, शंका विचारायची, जर्नल वेळेवर आणून द्यायची. आता अकरावीला पटावर ८० आणि वर्गात चौदा-पंधरा. बाकीची कुठल्या तरी क्लासच्या हॉलमध्ये असतात, आमच्याकडे नाव फक्त फॉर्म भरायला. २०१८ ला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता. आमच्याकडे पोरं आहेत तशीच गायब आहेत.

आणि क्लासचा विषय निघालाच आहे तर आणखी एक विचारतो. ज्या दिवशी तुम्ही हा लेख छापला त्याच दिवशी पहिलं पान अख्खं एका क्लासच्या जाहिरातीचं, टाय लावलेल्या पोरांचे फोटो, खाली ९९ पॉइंट पुढे सात आकडे. बातमी तिसऱ्या पानापासून सुरू. जाहिरात घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पेपर चालवायला पैसे लागतात. पण पर्सेंटाईलची एवढी बाजू घेणारा लेख आणि ही जाहिरात एकाच अंकात आल्यावर आम्ही वाचकांनी काय समजायचं ते तुम्हीच सांगा.

माझी मागणी एकच आहे. इंजिनिअरिंगच्या मेरिटमध्ये निम्मा वाटा परत बारावीच्या मार्कांचा धरावा, आणि तुम्ही ही बाजूही छापावी. लिहिणाऱ्यांना एकदा सकाळी साडेदहाला आमच्या लॅबमध्ये पाठवा. ब्युरेट, म्हणजे थेंब-थेंब सोडायच्या काचेच्या नळ्या, चाळीस आहेत, त्यातल्या पंचवीस स्टँडवरनं काढून कपाटात ठेवल्यात, कारण त्या धरायला कुणी येत नाही. कपाट मी स्वतः उघडून दाखवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
जि. सातारा