काठ पायी पाहावा

नदीकाठाचे किंवा जुन्या धक्क्याचे सुशोभीकरण झाले की कौतुक होते ते दिव्यांचे आणि कारंज्यांचे. चालणाऱ्याला मात्र वेगळेच दिसते: सावली कुठे संपते, बाक कुठे नाहीत, व्हीलचेअर कोणत्या पायरीशी अडते. सान फ्रान्सिस्कोत १९८९च्या भूकंपाने खिळखिळा झालेला उन्नत महामार्ग १९९१ मध्ये पाडायला घेतला आणि बंदरकिनारा पुन्हा पादचाऱ्यांचा झाला. दक्षिण कोरियातल्या सोलमध्येही वरचा रस्ता हटवून २००५ मध्ये ओढा खुला केला (पाणी बरेचसे पंपाने सोडलेले, तरी लोक तिथे चालतात!). सुशोभीकरणाचा आराखडा मंजूर करणाऱ्यांनी आधी भर दुपारी तो काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावा. जमल्यास एखाद्या आजोबांना सोबत घेऊन.

– एक पादचारी