मंगळावरचा पहिला पाऊस

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित परवा रात्री उघडलं आणि पहाटेपर्यंत खाली ठेववलं नाही. नायिका हेल्मेट काढते आणि मंगळावरच्या पहिल्या पावसाचा वास छातीत भरून घेते, ते पान मी दोनदा वाचलं. मग मात्र झोप येईना. तो वास तिला येणार नाही, हे मनातून जाईना.

पहिल्या सरीनंतरचा तो गंध पाण्याचा नसतो आणि कोरड्या धुळीचाही नसतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, थेंब आपटला की ते हवेत उधळतं. म्हणजे गंध हवा तर माती जिवंत हवी. मंगळाच्या मातीत तर पर्क्लोरेटचे विषारी क्षार आहेत, 2008 मध्ये फिनिक्स यानाला ते सापडले. आधी ते धुऊन काढावे लागतील, मग जिवाणू रुजवावे लागतील.

पण त्याच्याही आधी दाबाचा प्रश्न आहे. तिथली हवा पृथ्वीच्या जेमतेम 0.6 टक्के दाबाची. दाब आपल्या इथल्या 6 टक्क्यांच्या खाली गेला की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळायला लागतं. ध्रुवांवरचा बर्फ वितळवून पन्नास वर्षांत मंगळ हिरवा होतो असं तू लिहिलंयस. 2018 मध्ये ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी नेमका हाच हिशेब मांडला. ध्रुवांवरचा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी दाब फार तर दुप्पट होईल. माती आणि खनिजांतला खरवडून काढला तरी गाडी पृथ्वीच्या 7 टक्क्यांच्या आसपास अडते. पाणी वाहतं राहण्याइतकी ऊब यायला जवळपास पृथ्वीएवढा दाब लागेल. म्हणजे उरलेला वायू बाहेरून आणायचा, धूमकेतू किंवा लघुग्रह वळवून. हे काम पन्नास वर्षांचं नाही, कित्येक पिढ्यांचं आहे.

कृत्रिम चुंबकीय कवचाचं अख्खं प्रकरण मात्र तू खुशाल काढून टाक. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, हवा पळवतो हे खरं, पण मेव्हन यानाने मोजलं तेव्हा हा ऱ्हास सेकंदाला सुमारे 100 ग्रॅम भरला. एकदा दाट वातावरण झालं की ते असं झिजायला कोट्यवधी वर्षं लागतील. तुझ्या पात्रांनी त्याची काळजी करू नये.

ऑक्सिजनचं दुखणं त्याहून मोठं आहे. मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने 2021 ते 2023 या काळात मंगळाच्या हवेतून एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन काढला. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, दुसऱ्या ग्रहावर माणसाने बनवलेला तो पहिला प्राणवायू. पण एका माणसाला दिवसाला 800 ग्रॅमच्या वर लागतो. वनस्पतींवर सोपवायचं तर पृथ्वीचा अनुभव बघ : हवेत ऑक्सिजन साचायला लागला सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि आजच्या पातळीला यायला त्यानंतरही शंभर कोटींहून अधिक वर्षं गेली.

आणि जिवंत माती नुसती देत नाही, खातेही. अ‍ॅरिझोनात 1991 मध्ये आठ माणसं ‘बायोस्फिअर 2’ या बंदिस्त इमारतीत दोन वर्षांसाठी राहायला गेली. आतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 14 टक्क्यांच्या जवळ घसरला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव तो खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. तुझ्या घुमटातल्या वस्तीत हे घडू दे ना! भिंतीच श्वास चोरताहेत, हे रहस्य तुझ्या खलनायकापेक्षा मला जास्त धरून ठेवेल.

दुसऱ्या ताऱ्यापर्यंत तीन आठवड्यांत पोचणाऱ्या तुझ्या यानाबद्दल थोडक्यात सांगतो. सेकंदाला 17 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर 1 यानाला प्रॉक्सिमा या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला सत्तर हजारांवर वर्षं लागतील. प्रकाशाच्या दहाव्या भागाएवढा वेग एक किलो वस्तूला द्यायचा तर एक लाख टन टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा लागते, आणि तिथे थांबायचं तर तेवढीच पुन्हा मोजायची. त्या वेगाने जाताना एक मिलिग्रॅमचा कणसुद्धा शंभर किलो टीएनटीसारखा आदळतो. ते यान गाळलंस तर कादंबरीचं काहीच बिघडत नाही. मंगळ पुरेसा आहे.

ते पावसाचं पान मात्र फाडू नकोस. हवा कार्बन डायऑक्साइडची असली तरी दाब पुरेसा असेल, तर दाबाचा पोशाख उतरवता येतो, फक्त श्वासाचा मुखवटा लागतो. गुरुत्व पृथ्वीच्या 38 टक्के, म्हणून थेंबही आपल्या इथल्यापेक्षा सावकाश उतरतील. तिला उघड्या तळव्यावर ते झेलू दे. मुखवट्यामुळे वास येत नाही, आणि त्या मातीला अजून वासही नाही. वासाचं पान तिच्या खापरपणतीसाठी राखून ठेव.

दुसरा खर्डा झाला की लगेच पाठव. वाट बघतोय.

तुझाच,
जिवलग मित्र