नावांची यादी पाहिली

पुणे

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबांनी पाठवलेली, होणाऱ्या बाळाच्या नावांची यादी पाहिली. नावं छान आहेत, अर्थ मात्र बरेच चुकलेत. शेवटी ‘एल’चा उच्चार आला की सरळ ‘देवाचा’, ‘देवाची’ लिहून टाकलंय. डॅनियलला ते चालतं. दानीएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’. (यातल्या ‘दान’चा आपल्या दानधर्माशी काही संबंध नाही, तो न्याय करण्याचा शब्द.) मायकल तर अख्खा प्रश्नच आहे: ‘देवासारखा कोण?’ पण रेचल, म्हणजे आपली राहेल, साधी मेंढी. देव या अर्थाचा हिब्रू ‘एल’ आलेफ अक्षरानं सुरू होतो आणि राहेलमध्ये आलेफ नाहीच.

जेम्स आणि जेकब वेगवेगळे धरलेत, तेही एकच. हिब्रू याकोबचं लॅटिनमध्ये याकोबुस, मग बोलता बोलता याकोमुस, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत जेम्स. आपल्या नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट १८७४ साली, आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहासोबत इंग्लंडला गेला. तो मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतल्या चुमाचं बाप्तिस्म्याचं नाव जेम्स. दोघे नावानं याकोबच! याकोबचा अर्थ टाचेशी जोडलेला. बायबलातलं उत्पत्ती २५:२६ काढून बघा.

आईला नेओमी आवडलंय. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ती नामी, अर्थ रम्य, मनोहर. आणि आपल्याकडे ‘नामी’ म्हणजे झकास, हा आयताच योग. त्याखालचं ‘मारा’ मात्र खोडा. नवरा आणि दोन्ही मुलगे गेल्यावर नामीनंच स्वतःला ते नाव घेतलं. मारा म्हणजे कडू.

मुलगा झाला तर मला योनाथान हवं, ‘परमेश्वरानं दिलेला’. मत्तय आणि ग्रीक थिओडोर यांचाही अर्थ जवळजवळ तोच. अस्सल मराठी हवं असेल तर विश्वास, आशा, प्रीती आहेतच, १ करिंथ १३ मधली.

बाळंतपण तिथं, म्हणजे जन्मनोंदही नाशिक महापालिकेतच. दवाखान्यानं फॉर्म पुढे केला आणि नाव पक्कं नसेल, तर रकाना कोरा सोडायचा. नोंद नावाशिवायही होते. १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हटलं की मात्र पुरावे आणि हेलपाटे. दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे येतं. मराठीत नामी, इंग्रजीत नेओमी आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तिसरंच काही, असं झालं की शाळा-पासपोर्टाच्या वेळी अडतं. म्हणून आधी दोन्ही लिप्यांतलं स्पेलिंग कागदावर लिहू आणि पाळकसाहेबांनाही तोच कागद देऊ.

बाबा, तुमची सुधारलेली यादी रविवारच्या आत पाठवा. आई, तुझी वेगळी पाठव, बाबांना न दाखवता.

तुमची,
धाकटी